भट्टीच्या कपाळी शेंदूर

गटाराच्या पाइपापासून माणसाच्या रक्ताच्या थेंबापर्यंत सगळ्यासाठी मी माती भाजली आहे. शाळा चौथीपर्यंत. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी बँकेतले, रेल्वेतले, कॉलेजातले लोक लिहितात. यंदा संपादक बाई म्हणाल्या, काका, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, लिहीन तर मीच लिहीन. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी पाहावं, बाकी अक्षर न् अक्षर माझं.

माझा बाप वर्ध्याकडून इथं जबलपूरला आला तेव्हा नागपूर आणि हे गाव एकाच राज्यात होते. मी जन्मलो तोवर मधून रेघ गेली होती. त्यामुळे माझी मराठी घरातली आणि हिंदी रस्त्यावरची. लिहिताना दोघी एकमेकींच्या घरात शिरतात. शिरू द्यावं.

तरुणपणी मी चिनी मातीच्या कारखान्यात लागलो. तिथं पाइप व्हायचे, लोणच्याच्या बरण्या व्हायच्या, विजेच्या खांबावर बसतात त्या पांढऱ्या वाट्या व्हायच्या. बाहेरच्याला वाटतं भट्टीवाल्याचं काम म्हणजे कोळसा टाकायचा आणि घाम पुसायचा. तसं नाही. कच्च्या मातीच्या पोटात पाणी असतं, हवा असते. ती घाईनं बाहेर निघाली तर भांडं फुटतं. म्हणून आधी भट्टी तापवायची नाही, नुसती समजवायची. मग आगीचा रंग पाहायचा. आधी काळपट लाल, मग कुंकवासारखा, मग पिकल्या संत्र्याचा, मग त्याच्यावर. कोणत्या रंगावर हात थांबवायचा हे पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. मला ते येत होतं, आणि मला ते येतं हे मला माहीत होतं. कारखाना बंद पडला तेव्हा हेच एवढं घेऊन घरी आलो.

पुढे काही वर्षांनी इथल्याच एका प्रयोगशाळेला भट्टीवाला पाहिजे होता. नाव लिहीत नाही. तिथली भट्टी पाहून मला हसू आलं. घरातल्या कपाटाएवढी, विजेवर चालणारी. आमच्या कारखान्यातल्या भट्टीत लग्नाची पंगत बसली असती. पण त्या कपाटातून जे निघायचं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मॅडमनी मला समजावलं तसं सांगतो. मॅडम म्हणजे त्या कामाच्या मुख्य. वयानं माझ्या धाकट्या पोरीपेक्षा लहान, शिक्षणानं डॉक्टर, पण सुई टोचणारी नाही. विजय नगरात राहणारी, भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेल्या जुन्या मराठी घरातली. मराठी पुरी समजते, बोलते अर्धी. तर ती वस्तू म्हणजे बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी. तिच्या पोटात केसाएवढ्या नाल्या. रक्ताचा थेंब तोंडाशी ठेवला की आपोआप नालीतून सरकत एका खोलीत जातो. खोलीत एक रस सुकवलेला असतो आणि सोन्याची बारीक रेघ असते. रक्तात जे शोधायचं ते सापडलं की त्या रेघेतून इवलीशी वीज येते, आणि यंत्र ती मोजतं. माणसाची किडनी बिघडायला लागली का, हे गावच्या दवाखान्यातच कळावं, रोग्याला शहरापर्यंत हेलपाटा पडू नये, यासाठी हे सगळं. प्लास्टिकची पट्टी एकदा वापरून फेकावी लागते. ही उकळून, धुऊन, पुन्हा रस भरून चालते.

ती करतात पापडासारखी. पांढरी पूड, थोडी काचेची पूड आणि डिंकासारखं काही कालवून पातळ चादर ओततात. वाळली की तिच्यात नाल्या कापायच्या. वरचं छत खाली बसू नये म्हणून नालीत काजळीचा मलम भरायचा, वर दुसरा पापड ठेवून दाबायचं, आणि भट्टीत. काजळी जळून जाते, मागे पोकळ नाली राहते. हे जळणं अगदी हळू झालं पाहिजे. घाई केली की पापडासारखाच फोड येतो.

या मातीला मॅडम एक इंग्रजी शब्द लावत. पहिल्या दिवशी मला ऐकू आलं, बायकोम्पॅटिबल. मला वाटलं, बायकोशी जमवून घेणारी माती असावी. घरी तसंच सांगितलं. आमची मंडळी म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्याशी जमवून राहिली, मला नाही नेलं कुणी तपासाले." नंतर कळलं, शरीराला चालणारी, रक्तामांसाशी न भांडणारी, असा त्याचा अर्थ. मग मला वाटलं, मी काही फार चुकलो नव्हतो.

पहिल्याच महिन्यात माझं भांडण झालं. तिवारीजी म्हणून एक जुने टेक्निशियन होते, पन्नाशीतले, यंत्रांवर जीव असलेले. मीटरवर आकडा बरोबर होता, पण दाराच्या भोकातून मला आगीचा रंग दिसत होता तो जास्त. मी म्हटलं, भट्टी वर गेली. तिवारीजी म्हणाले, "काका, मीटर विलायती है।" दार उघडलं तर सोन्याच्या रेघा वितळून त्यांचे मणी झालेले. तरी ते मानेनात. मी घरून कारखान्याच्या वेळचा मातीचा शंकू आणला. बोटाएवढा असतो, ठरलेल्या उष्णतेला मान झुकवतो, त्याच्या आधी नाही. तो आत उभा केला. मीटर म्हणत होतं अजून वेळ आहे, आणि शंकू पार साष्टांग पडला होता. मीटरची आतली तार म्हातारी झाली होती, कमी सांगत होती. मॅडमनी तार बदलली आणि सगळ्यांना सांगितलं, दार लावायच्या आधी काकांना विचारायचं. त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती झालीच. पुढचं सगळं त्याच मानेनं केलं.

आता एक रीत सांगतो. कारखान्यात मला शिकवणारे मिस्त्री भट्टीचं दार विटांनी चिणताना शेवटच्या विटेला मारुतीच्या शेंदराचं बोट लावत. तेही आतल्या अंगानं. आग आत आहे तर देव बाहेर उभा करून काय करता, असं ते म्हणत. त्यांच्यामागे मी लावत आलो. प्रयोगशाळेत असं केलं तर लोक हसतील, हे मला समजत होतं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. चमेलीच्या तेलात कालवलेला शेंदूर डबीत ठेवायचा, पट्ट्या आत मांडल्या की हात घालून चौकटीच्या वरच्या विटेला, खालच्या अंगानं, चाचपून एक बोट लावायचं आणि दार बंद. भट्टीचं कपाळच म्हणा. बाहेरून कुणाला दिसायचं नाही. मलाही दिसत नव्हतं.

पट्टी शरीराला चालते का, हे आधी माणसावर तपासत नाहीत. काचेच्या ताटलीत जिवंत पेशी वाढवतात. पट्टी एका पाण्यात भिजत ठेवायची आणि ते पाणी पेशींना पाजायचं. पेशी जगल्या तर पट्टी पास.

आमच्या मरत होत्या. एका खेपेला नाही, प्रत्येक खेपेला. मॅडमनी पूड बदलली, डिंक बदलला, पाणी बदललं, हात धुवायचा साबणसुद्धा बदलला. आठ महिने हेच. पेशींच्या खोलीतून त्या बाहेर आल्या की आम्ही कुणी विचारत नव्हतो, चालीवरून कळायचं.

मधे मी नातीच्या लग्नाला शहपुऱ्याला गेलो. त्या खेपेला भट्टी तिवारीजींनी लावली, आणि त्या खेपेच्या पेशी अर्ध्या जगल्या. मी परत आलो तर तिवारीजी म्हणाले, "काका, आप छुट्टी लेते रहा करो, बेचारी जी जाती हैं।" सगळे हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. फार अदबीनं विचारलं, काका, भट्टीत काही असेल का. त्यांनी विचारलं तेव्हाच मी शांतपणे विचार केला असता तर पुढचे तीन महिने वाचले असते. पण माझ्या कानात तिवारीजींचं हसणं होतं. मी म्हटलं, मॅडम, पस्तीस वर्षं आग पाहिली आहे, भट्टीत दोष निघाला तर मी भट्टीला हात लावणार नाही. माल खराब आहे, माल बदला.

त्यांनी ते मानलं. सोन्याच्या मण्यांच्या वेळी मी बरोबर निघालो होतो ना.

तो माल म्हणजे त्यांची चार वर्षांची मेहनत होती. कोणती पूड किती, काच किती, सगळं स्वतः शोधलेलं. कामाला पैसा देणारे लोक दिल्लीहून तपासणीला यायचे होते. तोवर पेशी जगल्या नाहीत तर काम बंद, आणि मॅडमची जागा त्या कामापुरतीच होती. शेवटच्या खेपेच्याही मेल्या. मग मॅडमनी कागद लिहायला घेतला, की ही माती शरीराला चालत नाही, हिचा नाद सोडावा. सोमवारी कागद जाणार होता.

शनिवारी सकाळी मी भट्टीची डागडुजी करत होतो. चौकटीच्या वरच्या विटेला तडा गेला होता, ती काढून खिडकीशी नेली आणि उलटी केली. खालच्या अंगाला पिवळट, काचेसारखी चकाकी होती. मधे दाट, आणि कडेकडेनं विरत गेलेली. नखानं खरवडलं, निघेना.

मला ती चकाकी ओळखीची होती. कारखान्यात बरण्यांवर जी झिलई चढायची, तिच्या खात्यात लाल पुडीचे पिंप असत. आम्ही त्याला लेड म्हणायचो. फार जड पूड, आणि विष. त्या खात्यातल्या माणसांच्या पोटात कळा यायच्या, कुणाचं मनगट पडायचं. कंपनी त्यांना गूळ खायला द्यायची. त्यात माझे सोबती होते. त्यांच्यासाठी कुणी ताटल्यांत पेशी वाढवून पाहिल्या नाहीत. ते लेड भाजलं की अशीच पिवळी काच होते, हे मी हजार वेळा पाहिलं होतं.

पण इथं लेड आलं कुठून? मॅडमच्या मालात तर त्याचा कण नव्हता, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी विटेकडे पाहत राहिलो. जिथं चकाकी सगळ्यात दाट होती, तिथं माझं बोट बरोबर बसत होतं.

मी डबी उघडली. तोच रंग. हातावर घेतला, तेच वजन. जन्मभर एका हातानं लेडचे पिंप ढकलले आणि दुसऱ्या हातानं शेंदूर लावला, आणि या दोघांची गाठ कधी डोक्यात पडली नाही. एक कारखान्याचं, एक देवाचं. नावं वेगळी, म्हणून मला वस्तू वेगळ्या वाटल्या. भट्टी तापली की त्या बोटातून विष सुटायचं आणि बरोबर खाली मांडलेल्या पट्ट्यांत मुरायचं. गटाराच्या पाइपाला त्याचं काही नव्हतं. पेशींना होतं. आणि तिवारीजींच्या खेपेला बोट लागलं नव्हतं, नुसतं विटांत मुरलेलं तेवढं सुटलं, म्हणून अर्ध्या जगल्या.

खोटं कशाला लिहू, पहिला विचार आला तो वीट फेकून द्यायचा. नवी वीट बसवायची, डबी नर्मदेत सोडायची, कुणाला काही कळणार नाही. पण मग मॅडमचा कागद जाणार. चांगली माती खराब म्हणून लिहिली जाणार, ती माझ्या शब्दावरून. मी वीट पिशवीत घालून घरी आणली.

दुपारी ताट समोर आलं तर मी नुसता पिशवीकडे पाहत बसलो. आमची मंडळी म्हणाली, "काहून तोंड पाडून बसून राहिले?" मी सगळं सांगितलं. तिला वाटलं मी देवाला घाबरलो. मी म्हटलं, देवाचं काही नाही, त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगू. ती ताट उचलता उचलता म्हणाली, "तिचा कागद गेल्यावर कोणतं तोंड आणाल मग?"

रविवारी सकाळी आमच्या मदन महलहून ऑटो केला आणि विजय नगरला गेलो. मॅडमनी दार उघडलं, म्हणाल्या, काका, तुम्ही? आईला चहा ठेवायला सांगितलं. मी पिशवीतून वीट काढून टेबलावर उलटी ठेवली.

"मॅडम, माल चांगला आहे. दोष माझा आहे."

त्यांनी विटेवर वाकून पाहिलं. "काय आहे हे?"

"शेंदूर. मारुतीचा. मी आतून लावतो, दार लावायच्या आधी. कारखान्यात आम्ही ह्यालेच लेड म्हणत होतो. मला काल कळलं का दोन्ही एकच आहे."

"हर बार लावला?"

"हर बार. तिवारीजींची खेप सोडून."

त्या खाली बसल्या. दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला, आणि खांदे हलायला लागले. मी त्यांच्या रागाची तयारी करून गेलो होतो, ह्याची नव्हती. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग हात काढून त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"काका, म्हणजे माझी माती चांगली आहे?"

"एक नंबर आहे."

आतून त्यांची आई चहा घेऊन आली आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मॅडम तिला म्हणाल्या, "आई, काकांना पोहे पण दे." मी पोहे खाल्ले, दोनदा घेतले. काल दुपारपासून पोटात काही नव्हतं. परत येताना ऑटोत बसलो तर अंग असं हलकं झालं होतं, जसं कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं.

सोमवारी तिवारीजींना मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळलं असतं तर मी मेलो असतो. ते थट्टा करतील म्हणून दात आवळून उभा होतो. ते म्हणाले, "काका, मुझे बता देते। मैं तो खुद पंडित हूँ, बाहर से पूजा करा देता।" एवढंच. त्या दिवसापासून पेशींवरून त्यांनी पुन्हा कधी थट्टा केली नाही.

मॅडमनी तो कागद फाडला. पट्ट्या लेडसाठी तपासायला पाठवल्या, आणि लेड निघालं. आधी कुणी शोधलंच नव्हतं, कारण जे टाकलंच नाही ते कोण शोधेल. दिल्लीच्या लोकांना त्यांनी झालं तसं सांगितलं आणि तीन आठवडे मागून घेतले. भट्टीला हात लावणार नाही असं मी बोलून बसलो होतो, त्याची मी मॅडमना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, हात लावू नका, पण मग विटा कोण बदलेल, तुम्हीच सांगा. मी आतल्या सगळ्या विटा बदलल्या. एकेक स्वतः घासून बसवली, सांधे कुणाला भरू दिले नाहीत. दोनदा भट्टी रिकामी तापवली. मग पट्ट्या मांडल्या. दार लावताना बोट सवयीनं वर गेलं होतं. मी ते रिकामंच कपाळाला लावलं, माझ्याच, आणि दार बंद केलं.

चार दिवसांनी मॅडम पेशींच्या खोलीतून बाहेर आल्या. चाल पाहायला मी दारातच उभा होतो. त्यांनी मला चपला काढायला लावल्या, पांढरा कोट चढवला आणि मला त्या दुर्बिणीसारख्या यंत्रापाशी बसवलं. मेलेल्या पेशी साबुदाण्यासारख्या गोल होऊन तरंगतात, हे मला त्यांनी आधी एकदा दाखवलं होतं. ह्या तरंगत नव्हत्या. तळाला धरून, हातपाय पसरून बसल्या होत्या, जेवणं झाल्यावर बाया अंगणात बसतात तशा. मी बराच वेळ पाहत होतो. मागून तिवारीजी म्हणाले, बस करो काका, नजर लग जाएगी. पण आपली पाळी येताच तेही तेवढाच वेळ बसले.

काम बंद पडलं नाही. मॅडमची जागा राहिली. पट्टी अजून सगळ्या दवाखान्यांत पोचली नाही, त्याला वेळ लागतो म्हणतात, पण माती तीच आहे.

पुढे त्या कामावर मॅडमनी एक मोठा लेख छापला. त्यात माझं नाव आलं. तिवारीजींनी मला हिंदीत वाचून दाखवलं, की भट्टी सांभाळणाऱ्या अमुक अमुक यांनी दोषाचं मूळ शोधून काढलं. मी म्हटलं, हे अर्धं आहे. मॅडमकडे गेलो आणि म्हटलं, हे बरोबर करा, शेंदूर कुणी लावला तेही लिहा. त्या म्हणाल्या, काका, जे लिहिलं ते खरं आहे, आणि बाकीचं लिहायला त्या कागदावर जागा नाही. मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. त्याही माझ्यासारख्याच हट्टी निघाल्या.

म्हणून संपादक बाईंना मी म्हटलं, मीच लिहीन. शोधणारा मी, हे छापून आलेलं आहे. लावणारा पण मीच.